इंग्रजीचा शिक्षक : आशा आणि धास्ती

भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकास, आपण स्वतः हिमालय चढला आहात काय, असे कोणी विचारीत नाही. इतिहासाच्या शिक्षकाने पानिपतचे मैदान डोळ्यांनी पाहिलेले असावे, अशी अट कोणी घालीत नाही. इंग्रजीच्या शिक्षकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचा विषय आणि त्याची जीभ ही एकमेकांपासून विलग करता येत नाहीत. वर्गात शिरून तो 'सिट डाउन' एवढे दोन शब्द उच्चारतो, तोच त्याची परीक्षा सुरू झालेली असते. ह्या परीक्षेचे परीक्षकही अनेक असतात. शहरातील शाळेतून नुकताच आलेला, शेवटच्या बाकावरचा एखादा मुलगा असतो; शिक्षकांच्या खोलीत बसणारे एम. ए. झालेले सहकारी असतात. वर्षाकाठी एकदा येणारे तपासनीस असतात. आणि ह्या सर्वांहून कठोर असा परीक्षक म्हणजे तो स्वतः असतो. गणितात चूक झाली तर फळा पुसता येतो. तोंडून गेलेले वाक्य पुसता येत नाही.

ही धास्ती केवळ सामान्यांनाच वाटते असे नाही. आर. के. नारायण ह्यांचे वडील म्हैसूर येथील एका नामांकित हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. घरात इंग्रजी पुस्तकांची वाण नव्हती. तरीही विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नारायण नापास झाले, आणि तेही इंग्रजीत. पुढे पदवी मिळाल्यावर त्यांनी बंगळूरपासून जवळच असलेल्या चन्नपट्टण येथील शाळेत शिक्षकाची नोकरी धरली आणि थोड्याच दिवसांत सोडून दिली. १९४५ मध्ये त्यांची 'द इंग्लिश टीचर' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक कृष्णन ज्या महाविद्यालयात शिकला तेथेच इंग्रजी शिकवू लागला आहे. कादंबरीच्या आरंभीच एक मासलेवाईक प्रसंग आहे. 'ऑनर्स' ह्या शब्दातील 'यू' हे अक्षर एका विद्यार्थ्याने गाळले, एवढ्या कारणावरून प्राचार्य ब्राउनसाहेब अध्यापकांना एकत्र बोलावून आपली व्यथा मांडतात. एका स्वरापायी एवढा शोक होताना पाहून कृष्णन मनातून विटतो. कादंबरीच्या शेवटी तो ही नोकरी सोडून लहान मुलांच्या एका शाळेकडे वळतो. इंग्रजीत नापास झालेला मुलगा इंग्रजीतील एक थोर कादंबरीकार झाला, ही हकीकत आता दंतकथेसारखी सांगितली जाते. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने तिच्यातील अधिक बोलका भाग चन्नपट्टणचा आहे. भाषा उत्तम येणे आणि ती शिकविता येणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ह्या दोन गोष्टींमधील अंतर मोजण्याचा एक गंभीर प्रयत्न भारतात झाला, आणि तो बंगळूर येथे झाला. त्यासाठी हे शहर उचितही होते. १८०९ मध्ये येथे इंग्रजांची छावणी वसली, तेव्हापासून सुमारे एकशे चाळीस वर्षे हे शहर एका अर्थाने दोन शहरे होते. एकीकडे कन्नड बोलणारी जुनी पेठ, दुसरीकडे तमिळ, उर्दू आणि इंग्रजी ऐकू येणारी छावणी. दोहोंचा कारभार वेगवेगळा होता आणि तो १९४९ मध्ये एक झाला. छावणीत इंग्रजी ही रस्त्यावरची भाषा होती. पेठेत ती कचेरीची आणि परीक्षेची भाषा होती. आजही बेंगळुरूमधील इंग्रजीच्या शिक्षकास ह्या दोन्ही शहरांतील मुले एकाच वर्गात भेटू शकतात.

१९६३ मध्ये बंगळूर येथे दक्षिणेकडील राज्यांसाठी इंग्रजीच्या अध्यापनाची एक प्रादेशिक संस्था स्थापन झाली. तिचे काम मुलांना इंग्रजी शिकविण्याचे नव्हते. मुलांना इंग्रजी शिकविणाऱ्यांना शिकविण्याचे होते. ह्या संस्थेत गेल्या साठाहून अधिक वर्षांत येत राहिलेले शिक्षक बहुतांशी सरकारी आणि अनुदानित शाळांतील आहेत. त्यांपैकी अनेकांचे स्वतःचे शिक्षण कन्नड, तमिळ, तेलुगू किंवा मल्याळम माध्यमातून झालेले असते. इंग्रजी त्यांनी पाठ्यपुस्तकातून शिकलेली असते, आणि ती बोलण्याची वेळ त्यांच्यावर बहुधा नोकरीच्या मुलाखतीतच प्रथम आलेली असते. असा शिक्षक प्रशिक्षणास येतो तेव्हा त्याच्या मनात ज्ञानाची आकांक्षा असते हे खरे. पण तिच्याहून प्रबळ अशी एक इच्छा असते. आपले उणे कोणाच्या लक्षात येऊ नये, ही ती इच्छा होय.

हे उणे नेमके काय असते? शिक्षकास वाटते, ते उच्चारांत असते. कन्नड भाषेतील शब्द बहुधा स्वरान्त असतात. त्यामुळे बोलताना 'बस'चे 'बस्सु' होते आणि 'कार'चे 'कारु' होते. मराठी भाषिकाची अडचण निराळी. इंग्रजीत दोन भिन्न वर्ण असलेला 'व' त्याच्या तोंडी एकच असतो, आणि 'शिप' व 'शीप' ह्यांतील भेद त्याने कानाने नव्हे, स्पेलिंगने लक्षात ठेवलेला असतो. अशा चुका ऐकणाऱ्यास गंमतीच्या वाटतात, म्हणून बोलणाऱ्यास त्या फार बोचतात. परंतु हैदराबाद येथील केंद्रीय संस्थेतील आर. के. बन्सल ह्यांनी भारतीयांची इंग्रजी इतरांना कितपत समजते ह्याचा अभ्यास करून १९६९ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून पुढे आलेली गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. बोलणे न समजण्याच्या प्रमुख कारणांमध्ये शब्दातील चुकीच्या अवयवावर आघात देणे, हे एक कारण होते. म्हणजे ज्या चुकीचे हसे होते ती चूक आणि ज्या चुकीमुळे बोलणे कळत नाही ती चूक, ह्या एकच असतात असे नाही. 'बस्सु' म्हटले तरी बस कळते. 'डेव्हलप' ह्या शब्दातील पहिल्या अवयवावर जोर दिला तर मात्र ऐकणारा क्षणभर अडखळतो, आणि नेमक्या ह्या चुकीची लाज कोणालाच वाटत नाही, कारण ती आपण करतो आहोत हेच ठाऊक नसते.

धास्तीचा खरा दुष्परिणाम उच्चारांवर होत नाही. तो वर्गावर होतो. ज्यास चुकण्याची भीती वाटते तो कमी बोलतो. शिक्षक कमी बोलू लागला की पुस्तक बोलू लागते, आणि पुस्तकाने दगा दिला की मार्गदर्शिका. धडा वाचावा, ओळीओळीचा अर्थ मातृभाषेत सांगावा, कठीण शब्द फळ्यावर लिहून द्यावेत, प्रश्नांची उत्तरे उतरवून घ्यावीत, आणि मुलांनी ती पाठ करावीत, हा क्रम देशातील असंख्य वर्गांत चालत आला आहे. ह्या क्रमास आळस म्हणणे अन्यायाचे होईल. बुडत्यास काडीचा आधार म्हणतात तसा हा आधार आहे. त्यात शिक्षकास एकही वाक्य स्वतःचे असे बोलावे लागत नाही. पण त्याची किंमत मुले देतात. पाच-सहा वर्षे इंग्रजी शिकूनही त्यांनी एखादी गोष्ट कळावी म्हणून कोणी इंग्रजीत बोललेले ऐकलेले नसते. त्यांतीलच काही पुढे शिक्षक होतात, आणि हीच भीती नव्या वर्गात घेऊन जातात.

ह्या चक्रावर पहिला मोठा उपाय योजला गेला तो पद्धतीचा. १९५० नंतरच्या दशकात भारतात रचनापद्धतीचा प्रसार झाला. भाषेतील वाक्यरचना सोप्याकडून कठिणाकडे अशा क्रमाने लावावयाच्या, प्रत्येक रचना वस्तू दाखवून किंवा कृती करून स्पष्ट करावयाची, आणि ती मुलांकडून तोंडी पुष्कळ वेळा वदवून घ्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. शिक्षक दाराकडे चालत जाई आणि आपण दाराकडे चाललो आहोत असे इंग्रजीत सांगे. मग एक मुलगा चाले व वर्ग त्याच्याविषयी सांगे. मद्रास राज्यात १९५९ च्या सुमारास ह्या पद्धतीत २७,००० प्राथमिक शिक्षकांस प्रशिक्षित करण्याचा बेत आखला गेला. काही निवडक लोकांनी प्रथम शिकावे, त्यांनी आणखी काहींना शिकवावे, त्यांनी पुढच्यांना, अशी योजना असल्यामुळे ती 'मद्रासचा बर्फाचा गोळा' ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. उतारावरून लोळणारा गोळा मोठा होत जातो, ही त्यामागील कल्पना. मद्रासच्या उन्हाळ्यात ही उपमा कोणास सुचली असेल, असा प्रश्न वाचकास पडला तर नवल नाही.

रचनापद्धतीने शिक्षकास एक मोठी गोष्ट दिली: सुरक्षितता. आज कोणती वाक्ये बोलावयाची हे आधीच ठरलेले असे, ती मोजकी असत, आणि ती पुन्हा पुन्हा म्हटली जात असल्यामुळे चुकण्याची शक्यता थोडी होती. ज्याची स्वतःची इंग्रजी बेताची आहे त्याला ह्याहून दिलासा देणारी दुसरी पद्धत सापडणे कठीण. तथापि कालांतराने एक अडचण दिसून आली. वर्गात बिनचूक वाक्ये म्हणणारी मुले वर्गाबाहेर पडताच तीच वाक्ये चुकीची बोलत. किंबहुना बोलतच नसत. सामने जिंकण्याची सर्व साधने दिली, पण खेळ कधी खेळूच दिला नाही, अशातला हा प्रकार होता.

बंगळूरच्या संस्थेत ह्या अडचणीचा विचार सुरू होता. त्या काळी मद्रास येथे ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणारे एन. एस. प्रभू ह्यांनी एक वेगळाच प्रश्न उपस्थित केला. व्याकरण हे शिकविल्याने येते की मन दुसऱ्या कशात गुंतलेले असताना नकळत येते? लहान मूल मातृभाषा शिकते तेव्हा त्याचे लक्ष क्रियापदावर नसते. ते दूध, बाहुली आणि आई ह्यांच्यावर असते. शाळेतील मुलाचे मनही असेच एखाद्या गोष्टीच्या अर्थात गुंतविता आले, तर भाषेचे नियम त्याच्या मनात आपोआप आकार घेतील काय? हा केवळ तर्क राहू नये म्हणून १९७९ ते १९८४ ह्या काळात दक्षिण भारतातील प्रत्यक्ष शाळांमध्ये एक प्रयोग करण्यात आला. सुमारे आठ ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांचे आठ वर्ग त्यात सामील झाले. काही वर्ग एक वर्ष चालले, तर काही तीन वर्षांपर्यंत. भाषाशिक्षणाच्या जगात हा प्रयोग 'बंगळूर प्रकल्प' म्हणून प्रसिद्ध आहे.

ह्या वर्गात व्याकरणाचा पाठ नसे, आणि रचनांची यादीही नसे. असे ते काम. एखादा नकाशा, एखादे वेळापत्रक, काही आकृत्या, एखाद्या माणसाच्या दिनक्रमाचा तक्ता, किंवा एखादी गोष्ट मुलांपुढे ठेवली जाई, आणि तिच्याविषयी असा प्रश्न विचारला जाई की ज्याचे उत्तर डोके चालविल्याशिवाय मिळणार नाही. प्रथम शिक्षक एक नमुना संपूर्ण वर्गासमवेत मोठ्याने सोडवीत असे. त्यानंतर तसेच दुसरे काम मुले आपापली करीत. काम फार सोपे नसावे आणि फार कठीणही नसावे, म्हणून एक साधा मापदंड ठेवलेला होता. वर्गातील निम्म्या मुलांना निम्मे तरी जमले पाहिजे. तसे न झाल्यास दोष मुलांचा नव्हे, कामाचा.

अशी तासिका कशी चालत असेल ह्याची कल्पना येण्यासाठी एक प्रसंग रचून पाहता येईल. फळ्यावर बंगळूरहून म्हैसूरला जाणाऱ्या चार गाड्यांचे वेळापत्रक आहे. एका गृहस्थांना अकरा वाजता म्हैसूरमध्ये सभेस हजर राहावयाचे आहे. स्थानकापासून सभागृह अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. त्यांनी कोणती गाडी पकडावी? एक मुलगी उठून म्हणते, "ट्रेन सिक्स ओक्लॉक लीव्ह." रचनापद्धतीचा शिक्षक येथे थांबला असता, क्रियापदाचा प्रत्यय त्याने दुरुस्त केला असता आणि वर्गाकडून ते वाक्य पाच वेळा वदवून घेतले असते. प्रकल्पातील शिक्षक म्हणतो, "येस, द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स. बट व्हेन डझ इट रीच मायसोर?" वाक्य दुरुस्त झाले, पण मुलीला ते जाणवलेही नाही, तिचे लक्ष आता गाडी पोहोचण्याच्या वेळेकडे आहे. घरात आई मुलाचे बोबडे वाक्य जसे सरळ करून पुढे चालते तसेच हे झाले. मुलांनी गट करून आपसांत बोलावे, ह्यावर मात्र प्रभूंचा भर नव्हता. आपल्याइतकीच कच्ची इंग्रजी ऐकून मुलांची भाषा सुधारणार नाही, असे त्यांचे मत होते. भाषेचा मुख्य झरा शिक्षकच.

आणि येथेच धास्तीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. वरील प्रसंगात मुलीने काय म्हणावे हे आधी ठरलेले नव्हते. ती गाडीऐवजी सभागृहाविषयी बोलली असती. सभा उशिरा सुरू होते असेही म्हणाली असती. शिक्षकास प्रत्येक वेळी, विचार करण्यास अवधी न मिळता, नवे इंग्रजी वाक्य बोलावे लागले असते. रचनापद्धतीने ज्या भिंती उभारून शिक्षकास सुरक्षित केले होते, त्या सर्व भिंती ह्या प्रकल्पाने काढून घेतल्या. मुलांच्या दृष्टीने ही मोकळीक होती. शिक्षकाच्या दृष्टीने तो उघड्यावरचा संसार होता.

ह्याचा परिणाम काय झाला, हे प्रकल्पाचे मूल्यमापन करणाऱ्यांनी पुढे शोधले. ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस ह्यांनी १९८५ मध्ये मांडलेले निष्कर्ष प्रकल्पास काही अंशी अनुकूल होते: अर्थावर लक्ष ठेवूनही व्याकरण येऊ शकते, ह्या म्हणण्यास सावधपणे पाठिंबा देता येईल, असे त्यांस आढळले. परंतु बेरेटा ह्यांनी १९९० मध्ये आणखी एक पाहणी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात प्रकल्पातील पंधरा शिक्षकांनी आपापल्या अनुभवाचे जे वृत्तान्त लिहिले होते ते तपासले. त्यातून निष्पन्न झालेली गोष्ट सुखावह नाही. प्रकल्पात दोन प्रकारचे शिक्षक होते. काही जण शिक्षकांना प्रशिक्षण देणारे तज्ज्ञ होते आणि ते प्रयोगापुरते शाळेत शिकवीत. काही जण त्या त्या शाळेतील नेहमीचे शिक्षक होते. पहिल्या प्रकारच्या शिक्षकांनी नवी रीत पुष्कळशी आत्मसात केली. नेहमीच्या शिक्षकांना मात्र ती पुरेशी पेलली नाही. कामाच्या मध्येच ते जुन्या, ओळखीच्या वाटेकडे वळत. त्यामागे त्यांची स्वतःच्या इंग्रजीविषयीची अडचण होती, आणि भरगच्च वर्गांची अडचणही होती.

ह्या निष्कर्षाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एक असे की, धास्ती खोटी नव्हती. जो शिक्षक म्हणतो, 'माझी इंग्रजी अपुरी आहे', त्याला 'आत्मविश्वास बाळगा' असे सांगून निरोप देणे हा त्याचा उपहास आहे. अपुरी असते, आणि तिचा परिणाम होतो. दुसरे असे की, जी पद्धत उत्तम शिक्षकाच्याच हाती चालते ती तेवढ्यापुरती अपुरी मानली पाहिजे. देशातील लाखो वर्गांत जे शिक्षक आहेत ते आहेत. त्यांच्या जागी दुसरे आणता येणार नाहीत. प्रकल्पाचे टीकाकार ह्या दुसऱ्या मुद्द्यावर थांबले. ते थांबले नसते, तर प्रभूंनी पुढे जे म्हटले त्याची त्यांनी अधिक गंभीरपणे दखल घेतली असती.

१९८७ मध्ये प्रभूंनी प्रकल्पाचा संपूर्ण वृत्तान्त पुस्तकरूपाने मांडला. १९९० मध्ये त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाशिक्षकांत तो गाजला. ज्या मनुष्याने एक नवी पद्धत उभी केली, त्यानेच ह्या लेखात विचारले: सर्वोत्तम अशी पद्धत का नसते? त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. प्रत्येक शिक्षकाच्या मनात, मुले कशी शिकतात आणि आपल्या शिकविण्याने त्यांचे शिकणे कसे घडते, ह्याविषयी एक समजूत तयार झालेली असते. ती त्याच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतून, अनुभवातून आणि इतर शिक्षकांच्या सहवासातून आलेली असते. ह्या समजुतीस त्यांनी जे नाव दिले त्याचा आशय मराठीत 'पटण्याची जाण' असा सांगता येईल. ही जाण जिवंत असेल, तर शिक्षक वर्गात गुंतलेला असतो, आणि मुलांनाही ते जाणवते. ती गोठली, की शिकविणे यंत्रवत होते; मग पद्धत जुनी असो की नवी. चांगल्या अध्यापनाचा खरा शत्रू चुकीची पद्धत नसून ही यांत्रिकता आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

ह्या विचाराच्या प्रकाशात शिक्षकाची धास्ती निराळी दिसू लागते. उच्चार कसा होईल, ही भीती शिक्षकाचे सगळे लक्ष स्वतःकडे ओढून घेते. समोरच्या मुलीने गाडीची वेळ बरोबर शोधली की नाही, हे पाहण्यास मग त्याच्यापाशी अवधानच उरत नाही. जो शिक्षक मुलीच्या उत्तरात गुंतला आहे त्याची इंग्रजी रातोरात सुधारत नाही, परंतु तो बोलत राहतो.

भाषेच्या उण्याखेरीज आणखी एक शल्य ह्या पेशात असते, आणि ते अधिक खोल आहे. आपण इंग्रजी शिकवितो म्हणजे आपल्या भाषेचे नुकसान तर करीत नाही ना? कर्नाटकात हा प्रश्न रस्त्यावर आला तो १९८२ मध्ये. त्याच्या केंद्रस्थानी असलेला अहवाल विनायक कृष्ण गोकाक ह्यांच्या समितीचा होता. माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी, अशी शिफारस समितीने १९८१ मध्ये केली होती, आणि ती अमलात यावी ह्यासाठी झालेल्या आंदोलनाचे नेतृत्व नटवर्य राजकुमार ह्यांनी केले. मराठी वाचकास ह्यात विशेष वाटावे असे हे की, गोकाक स्वतः आयुष्यभर इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकविली. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे ते संचालक होते आणि पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कन्नडमधील काव्यासाठी त्यांस ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांच्या आधीच्या पिढीत बी. एम. श्रीकंठय्या (१८८४–१९४६) ह्यांनी म्हैसूर व बंगळूर येथे इंग्रजी शिकविता शिकविता इंग्रजी कवितांची कन्नड रूपांतरे केली, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्या रूपांतरांनी आधुनिक कन्नड कवितेस नवे वळण दिले. यू. आर. अनंतमूर्ती हेही इंग्रजीचेच अध्यापक. मराठीत विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे ह्यांनी पोटासाठी इंग्रजी शिकविली आणि लिहिले ते मराठीत. नेमाड्यांच्या 'बिढार' (१९७५) पासून सुरू होणाऱ्या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा इंग्रजीचाच प्राध्यापक आहे, आणि गावोगावच्या महाविद्यालयांतून त्याला जे भोगावे लागते त्यात ह्या पेशाची सगळी उदासी उतरली आहे.

ही उदाहरणे थोरांची आहेत, आणि थोरांची उदाहरणे सामान्य शिक्षकास दिलासा देतात त्यापेक्षा दडपणच अधिक आणतात. त्याची आशा साधी असते. इंग्रजी येणाऱ्या मुलास चार दारे अधिक उघडतात, हे त्याने पाहिलेले असते. सावित्रीबाई फुल्यांच्या 'काव्यफुले' (१८५४) ह्या संग्रहात इंग्रजी शिक्षणाचा जो पुरस्कार आहे त्यामागेही हीच दृष्टी होती: ज्यांच्यापासून जुनी विद्या राखून ठेवली गेली, त्यांना ही नवी विद्या तरी मिळावी. बंगळूरमध्ये १९८० नंतर संगणकाचे उद्योग येत गेले, तशी ती दारे अगदी डोळ्यांसमोर आली. सरकारी शाळेच्या खिडकीतून ज्या काचेच्या इमारती दिसतात, त्यांत आपला एखादा विद्यार्थी जावा असे कोणत्या शिक्षकास वाटणार नाही? फी भरू शकणाऱ्यांच्या मुलांना इंग्रजी कोठेही मिळते. जी मुले भरू शकत नाहीत त्यांच्यासाठी मात्र पुष्कळदा हा एकच माणूस असतो, आणि तो घाबरून गप्प बसला तर त्यांच्यापुरते ते दार बंदच राहते.

अलीकडच्या काळात ह्या पेशात एक नवा वर्ग आला आहे. त्याने तो निवडलेला नाही. महाराष्ट्राने २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू केला. कर्नाटकात तो २००७-०८ पासून सुरू झाला, आणि २०१९-२० मध्ये कर्नाटक शासनाने एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्गही उघडले. पहिलीच्या वर्गाला एकच शिक्षक सर्व विषय शिकवितो. ज्या बाईंनी वीस वर्षे कन्नड किंवा मराठी मुळाक्षरे गिरवून घेतली, त्या एका आदेशाने इंग्रजीच्या शिक्षिका झाल्या. त्यांना ह्याविषयी कोणी विचारले नव्हते. वस्तुतः त्यांच्यापाशी एक मोठे भांडवल असते. सहा वर्षांच्या मुलाला भाषा कशी येते, तो कोठे अडखळतो, कोणत्या खेळात रमतो, हे त्यांच्याइतके इंग्रजीच्या एम. ए. झालेल्यांस ठाऊक नसते. प्रभूंच्या शब्दांत सांगावयाचे तर त्यांची पटण्याची जाण वीस वर्षे तयार झालेली असते. फक्त ती कन्नडमध्ये किंवा मराठीत असते.

अशा शिक्षिकेस प्रशिक्षणात काय देता येईल? वर्गात लागणारी इंग्रजी ही समुद्राएवढी नसते. मुलांना बसवावे, उठवावे, वही काढावयास सांगावे, शाबासकी द्यावी, पुन्हा विचारावे, चित्राकडे लक्ष वेधावे, ह्यासाठी लागणाऱ्या वाक्यांचा साठा मर्यादित आहे, आणि रोजच्या वापराने तो तोंडी बसतो. उद्याच्या धड्यात कोणती दहा-बारा वाक्ये आपल्याला बोलावी लागतील, ती आदल्या रात्री मोठ्याने म्हणून पाहता येतात. शब्दाघात शब्दकोशात पाहता येतो. जेथे अडेल तेथे मातृभाषेत एक वाक्य बोलून पुन्हा इंग्रजीकडे वळता येते. त्यात कमीपणा नाही. रचनापद्धतीतील मोजकी, ठरलेली वाक्ये आरंभी हाती धरून, मुले रमू लागली की एखाद्या तासाला वेळापत्रकासारखे मोकळे काम करून पाहता येते, आणि ते फसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जुन्या वाटेने जाता येते.

शिक्षक-प्रशिक्षणात नमुनापाठ झाल्यावर त्याची चर्चा करण्याची चाल आहे. मागे बसलेले सहाध्यायी वह्या उघडतात, आणि पहिला हात वर होतो तो बहुधा उच्चारातील किंवा क्रियापदातील चूक सांगण्यासाठी. पाठ घेणारा मान खाली घालून ती लिहून घेतो. ही चर्चा उलट क्रमाने करून पाहण्यासारखी आहे. त्या पस्तीस मिनिटांत मुलांनी काय केले, कोणती तीन मुले प्रथमच बोलली, कोणता प्रश्न त्यांना कळला नाही व का, हे आधी सांगावयाचे. शिक्षकाच्या चुका त्यानंतर, आणि वेळ उरला तर.